कॉलेज कशासाठी, गाव कशासाठी

बारावीचा निकाल लागतो तेव्हा देवगडात आंब्याच्या शेवटच्या पेट्या भरणं चालू असतं. कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी वर्षानुवर्षं पेपरात येते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि चार दिवसांत विरून जाते. मग या पहिल्या आलेल्या मुलांनी आता जायचं कुठे, हा प्रश्न घराघरांत सुरू होतो.

मी सिंधुदुर्गात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. ज्या मुलाला एकच गोष्ट आवडते त्याची मला फारशी काळजी नसते. नर्सिंग म्हणजे नर्सिंग, आयटीआय म्हणजे आयटीआय. त्याने कटऑफ बघायचा, फी बघायची, होस्टेल मिळतं का बघायचं. काळजी वाटते ती दोन-तीन गोष्टींत जीव अडकलेल्या मुलांची. फॉर्मवर त्यांना एकाच चौकोनात खूण करायची असते आणि घरी त्यांना रोज ऐकवलं जात असतं, एक ना धड, भाराभर चिंध्या. ही म्हण सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना ऐकवलेली मला सहन होत नाही. या वयात चार गोष्टींची ओढ नसेल तर कधी असायची? आणि मी पाहिलंय, ज्यांना अशी म्हण ऐकवली जाते ती मुलं हळूहळू घरात एका आवडीबद्दल बोलायचंच बंद करतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगते. देवगड तालुक्यात सड्याला, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराला, लागून वाडी, वडिलांची हापूसची कलमं, आई अंगणवाडीत. तिचं जर्नल तपासायला घेतलं की माझं पेन थांबायचं. जीवशास्त्राच्या आकृतीचे नियम कडक असतात. पेन्सिलीला टोक हवं, रेघ एका दमात यायला हवी, शेडिंग अजिबात चालत नाही, नावं उजवीकडे आणि नावांच्या रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत. हे सगळं ती पाळायची. तिच्याच घरी तिने इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या तयारीत केलेली वस्तुचित्रं आईने गादीखाली सपाट ठेवलेली होती. त्यातल्या एकात तांब्याची कळशी होती. खांद्यावर खिडकीतला उजेड, पोटाखाली काळोख, आणि पोचा आलेल्या जागी उजेड मोडून पुन्हा जुळलेला. बाहेरची रेघ अशी कुठे नव्हतीच, सगळी कळशी सावलीतून उभी केलेली. जर्नलमधली मुलगी आणि ही मुलगी एकच, हे मला दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावं लागलं.

ऑगस्टच्या शेवटाला सड्यावर कातळात पाण्याचा पातळ थर राहतो. त्यात गेंद उगवतो, कीटक धरणारी दवबिंदू उगवते, आणि सीतेची आसवं जांभळ्या ठिपक्यांनी सगळा कातळ भरून टाकतात. सीतेची आसवं वरून नाजूक दिसतात, पण चिखलाखाली त्यांच्या शिकारीच्या पिशव्या असतात. मोहरीपेक्षाही बारीक, एका बाजूला झडप असलेल्या. पाण्यातला सूक्ष्म जीव झडपेच्या केसाला लागला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढून घेते. या मुलीने बोटाने चिखल सारून एक रोप सोडवलं, घरच्या काचेच्या बशीत पाण्यात ठेवलं, आणि माझ्याकडून नेलेल्या भिंगातून बघून त्या पिशव्यांचं चित्र काढलं. कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं, पाणी किती बोटं खोल, शेजारी काय उगवलंय, ऊन कधी येतं. सोमवारी तो कागद माझ्यासमोर धरून तिने विचारलं, "मॅडम, हा जर्नलला लावू की ड्रॉइंगच्या फायलीला?"

मला वाटतं, तिचा कॉलेजचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता आणि तोही खरा होता. "चित्रां काढून पोट भरतलां काय, मॅडम?" आंब्याचं एक वर्ष मोहोर करपला की घरचा सगळा हिशोब कोसळतो, ते ज्याने पाहिलंय त्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पूर्वी अशा वेळी ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून शाळेत ड्रॉइंग मास्तर व्हायची एक सरळ वाट होती. आता ती भरती पूर्वीसारखी होत नाही, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

तर मग ठरवायचं कसं? बहुतेक जण विचारतात, हिला जास्त काय आवडतं. मला हा प्रश्न अशा मुलांच्या बाबतीत निरुपयोगी वाटतो. तिला दोन्ही आवडतं, म्हणून तर आपण बसलोय. मी मुलांना दुसरा प्रश्न विचारते. यातलं काय तुला कॉलेजशिवाय मिळणारच नाही? आणि काय तुला तुझं गाव, तुझी सुट्टी, तुझ्या ओळखीची माणसं देऊ शकतील? कॉलेजची तीन-चार वर्षं पहिल्या गोष्टीवर खर्च करायची. दुसरी गोष्ट जगेल एवढा वेळ ते कॉलेज ठेवतं का, हे बघायचं.

आम्ही जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. वनस्पतींसाठी काय लागतं? सड्यावरची फुलं घरामागे होती. सूक्ष्मदर्शक आमच्या प्रयोगशाळेत होता आणि सुट्टीत येऊन बसायला मी तिला कधी नाही म्हणणार नव्हते. वनस्पती ओळखायची शास्त्रीय पुस्तकं, वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, त्यातला जाणकार माणूस, हे मात्र कॉलेजातच. चित्रासाठी काय लागतं? समोर तासन्‌तास बसलेलं मॉडेल, ते काढताना मागे उभं राहून "खांदा चुकला" असं सांगणारा शिक्षक, प्रिंट काढायचा प्रेस, मातीकामाची जागा, आणि आजूबाजूला आपल्यापेक्षा चांगलं काढणारी वीस मुलं. यातलं एकही तिला वाडीत मिळण्यासारखं नव्हतं. हात घडायचंही एक वय असतं. जीवशास्त्राची बाई असून मी तिला सांगितलं, तू चित्रकलेला जा. वर्गातली सगळ्यात चांगली नजर जीवशास्त्र सोडून चालली होती, पण तिने सड्यावर जे केलं होतं तेच मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं, आणि ते करायला पुढे तिचा हात लागणार होता.

बी.एफ.ए.ला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, बारावीची कुठलीही शाखा चालते, त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी असते, हे वडिलांना माहीत नव्हतं. सायन्स घेतलं म्हणजे चित्रकलेचं दार बंद झालं, अशी त्यांची पक्की समजूत. उलट सायन्समध्ये असताना गणित सोडलं की जी दारं बंद होतात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. ज्याला चित्रही आवडतं आणि भूमितीही, त्याला पुढे आर्किटेक्चर सुचू शकतं, आणि तिथे बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. अकरावीत विषय निवडतानाच हे समजायला हवं. चित्रकलेसाठी मुंबईलाच जावं लागतं, हाही एक समज. 1857 साली सुरू झालेलं जे. जे. हे मोठं नाव आहेच, जमत असेल तर जरूर जावं. पण मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री कला महाविद्यालय आहे, चित्र आणि शिल्प कोकणात राहून शिकता येतं. माझी विद्यार्थिनी कोकणातल्याच एका कला महाविद्यालयात गेली. पावसाळ्यात घरी आली की ती अजून सड्यावर जाते, आणि आता ती फुलांची चित्रं रंगात करते, मापासकट.

दुसऱ्या एका मुलाचा हिशोब याच प्रश्नाने उलटा सुटला. कुडाळकडचा, वडील दशावतारी नाट्यमंडळात पायपेटीवर. पोरगा मृदंग वाजवायचा आणि गणितात वर्गात त्याच्या पुढे कुणी नव्हतं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र साथीला बसायचा. दशावतारात संहिता नसते. नट रंगमंचावर संवाद रचत जातो, आणि संकासुर या राक्षसाच्या पात्राने मालवणीत फिरकी घेतली की मृदंगाला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागतं. हे मुंबईत क्लास लावून शिकता येत नाही. थोरल्या नटांच्या शेजारी, पहाटेपर्यंत, वर्षानुवर्षं बसूनच येतं. त्याचे काका मुंबईचं इंजिनिअरिंग म्हणून हटून बसले होते. मी म्हटलं, गणित इथल्या कॉलेजातही बी.एस्सी.ला आहे, आणि पुढे जॅमची परीक्षा देऊन एम.एस्सी.ला आयआयटीत जाता येतं. ती वाट तीन वर्षांनीही उघडी असते. ज्यांच्याकडून मृदंग शिकायचा ती माणसं मात्र आत्ता सत्तरीत आहेत. तो जिल्ह्यातच राहिला. काका माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

आता सरकारी धोरणाबद्दल, कारण पालक हल्ली मीटिंगमध्ये तेच विचारतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा मुलांसाठी कागदावर बरंच केलं आहे. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय असतो, आणि खुला विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. म्हणजे रसायनशास्त्रवाल्याला कला किंवा वाणिज्यच्या अंगणात जावंच लागतं. तीन वर्षांची पदवी 120 ते 132 क्रेडिटची, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. यूजीसीने 2022 साली एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली. एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून, असं करता येतं. गाणाऱ्या मुलांना तर यातलं काही लागतही नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत कुठलंही कॉलेज करता करता देता येतात, शिकवणारे गुरुजी जवळ असले म्हणजे झालं.

हे सगळं मला मनापासून चांगलं वाटतं. तरीही माहितीपुस्तिकेत छापलेल्या खुल्या विषयांवर विश्वास ठेवून प्रवेश घेऊ नये. लहान गावातल्या कॉलेजात तो विषय शिकवायला माणूस असेल तर तो विषय आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला नाट्यशास्त्राचा विषय बघून एका कॉलेजात जावंसं वाटलं, तिथे गेल्यावर कळलं की त्या वर्षी सगळ्या वर्गाला एकच खुला विषय दिलेला आहे आणि तो नाट्यशास्त्र नाही. म्हणून विचारायचं ते असं, या वर्षी प्रत्यक्ष कोणते खुले विषय चालू आहेत, कोण शिकवतं, आणि वर्गात किती मुलं बसतात.

आणि हे विचारायला निकालानंतर जायचं नाही. मे महिन्यात सगळी कॉलेजं सारखीच दिसतात. रंग लावलेली भिंत, बंद प्रयोगशाळा, ऑफिसात एक क्लार्क आणि फॉर्मची रांग. कॉलेज बघायचं असेल तर ते चालू असताना बघायला हवं. बारावीच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की, पूर्वपरीक्षा यायच्या आधी, एखाद्या कामाच्या दिवशी जावं. मी पालकांना सांगते, इमारत बघू नका, नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक बघा. सायन्सची प्रॅक्टिकलं किती वाजता संपतात? एकांकिकेच्या तालमी किती वाजता सुरू होतात? या दोन वेळा एकमेकींवर येत असतील तर तुमच्या मुलाला तीन वर्षं दरवेळी कुणाकडे तरी परवानगी मागावी लागणार. तालीम संपल्यावर शेवटची एसटी किती वाजता आहे, हेही बघा. आमच्याकडे कितीतरी मुलींचं नाटक वस्तीच्या गाडीच्या वेळेवर संपतं. बारावीपर्यंत मुलींचा पास फुकट असतो, पण गाडीच नसेल तर पास घेऊन काय करायचं? म्हणून कमी पगाराच्या घरातल्या मुलीलाही होस्टेल परवडेल असं कॉलेज मी नामांकित कॉलेजाच्या वर ठेवते.

वेळापत्रकाच्या खालोखाल माझा विश्वास कॉलेजच्या वार्षिक अंकावर. ग्रंथालयात जाऊन मागच्या तीन वर्षांचे अंक मागायचे. कुठलाही ग्रंथपाल खुशीने देतो, कारण ते कुणी मागत नाही. कविता कोण लिहितंय ते बघायचं. सगळ्या कविता एम.ए. मराठीच्या मुलांच्याच आहेत, की त्यात एखादा एस.वाय. बी.एस्सी.वाला आहे? मुखपृष्ठ विद्यार्थ्याने केलंय की छापखान्याने? मागच्या पानांवर युवा महोत्सवाचे आणि अविष्कार संशोधन स्पर्धेचे निकाल असतात. दोन्ही याद्यांत एक तरी नाव सारखं सापडलं, तर ते कॉलेज अशा मुलांना सांभाळून घेणारं आहे असं खुशाल समजावं. मी असं एक नाव शोधून त्या मुलीचा नंबर मिळवला होता. तिने माझ्या विद्यार्थिनीला अर्धा तास जे सांगितलं ते मला दहा वर्षांत कुठल्या प्राचार्यांनी सांगितलं नव्हतं.

गावाकडून काय मिळतं, याची यादी करताना आपण कोकणातली माणसं फार कंजूष होतो. कणकवलीत आचरेकर प्रतिष्ठान आहे, तिथे नाटक बघून आणि तिथल्या मंडळींत वावरून पोरं तयार झालेली आहेत. कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथीची परंपरा आहे, ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. आणि आमचे सडे. रत्नागिरीच्या नि सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात मालवण तालुक्यातलं कुडोपी आहे. त्या शिल्पांवर काम करायला काय लागतं याचा कधी विचार केलाय? जांभा दगड समजणारा भूगर्भशास्त्राचा माणूस लागतो, हत्ती की गवा हे प्राण्याच्या ठेवणीवरून सांगणारा लागतो, जमिनीवर पसरलेली आकृती मापात कागदावर उतरवणारा चित्रकार लागतो, ड्रोन उडवणारा लागतो, आणि जमीनमालकाच्या पडवीत बसून चहा पिऊन त्याला पटवणारा गावचा माणूस लागतो. एका मुलीत यातलं दोन-तीन असेल तर तिला आपण भाराभर चिंध्या म्हणणार?

दापोलीत शिकलेले पांडुरंग वामन काणे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करत होते आणि त्याच वर्षांत धर्मशास्त्राच्या इतिहासाचं प्रचंड काम करत होते. 1963 साली त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांच्या वकिलीने त्यांचं संस्कृत मारलं नाही. माझ्या मुलांना मी त्यांचं उदाहरण देते, कारण ते याच मातीतले आहेत.

पैशाचंही बोललं पाहिजे. कुठलेही विषय एकत्र घ्या, असं म्हणणारी खासगी विद्यापीठं पुण्याकडे, दिल्लीकडे आहेत. तिथलं शिक्षण चांगलं असेलही, पण फी लाखांत असते आणि बागायतदाराच्या घरी लाख एकदम दिसतात ते फक्त मे महिन्यात, तेही आधीच्या उसनवारीत जातात. शिष्यवृत्तीचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. 2024 पासून राज्यात 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क माफी मिळते, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेल्यास. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावं. कितीतरी घरांत मुलीचा कॉलेजचा विषय याच माहितीअभावी थांबतो.

यंदा बारावीत एक मुलगा आहे, आचऱ्याकडचा. घरची होडी आहे, मासळीची नावं त्याला माझ्यापेक्षा जास्त येतात आणि वहीच्या शेवटच्या पानांवर तो कविता लिहितो. त्याने मला त्या दाखवलेल्या नाहीत, त्याच्या मित्राने दाखवल्या. चांगल्या आहेत. त्याच्यापुढे दोन कॉलेजं आहेत. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, कोकण कृषी विद्यापीठाचं, 1981 पासूनचं, चार वर्षांचं बी.एफ.एस्सी., सीईटी द्यावी लागेल. दुसरं मुंबईत मराठी घेऊन बी.ए. घरच्यांचं मत उघडच पहिल्याकडे आहे. माझं अजून ठरलेलं नाही, कारण कवितेला मुंबई लागते की समुद्र लागतो हे मला त्याच्या वतीने ठरवता येणार नाही. एवढं ठरलंय की डिसेंबरात, कॉलेज चालू असताना, त्याने आणि त्याच्या बाबांनी शिरगावला एक दिवस जायचं. वेळापत्रक उतरवून आणायचं, ग्रंथालयात मराठीची पुस्तकं किती नि कुठली आहेत ते बघायचं, आणि होस्टेलवरच्या एखाद्या मुलाला विचारायचं की संध्याकाळी सहानंतर इथे तुम्ही काय करता. मुंबईतल्या कॉलेजला मी स्वतः फोन करणार आहे, त्यांच्या वार्षिक अंकांसाठी.